वाढत्या अंगाचे कपडे : युद्धोत्तर जर्मनीतील मुलांचा पेहराव

मित्रहो,

१९३९ साली शिवलेला कोट प्रौढ माणसाला १९४७ सालीही घालता येत होता. कोपरे झिजलेले असतील, अस्तर विरलेले असेल, उपासमारीने अंग उतरल्यामुळे तो चार बोटे सैलही झाला असेल. पण तो अंगात जात होता. १९३९ साली जन्मलेल्या मुलाची गोष्ट निराळी होती. युद्ध संपले तेव्हा ते सहाएक वर्षांचे होते, पश्चिम जर्मनीत नवे चलन आले तेव्हा नऊ वर्षांचे, आणि मधल्या काळात त्याचा क्वचितच एखादा कपडा सलग दोन हिवाळे पुरला असेल. कुपोषणामुळे मुलांची वाढ मंदावली हे खरे, पण ती थांबली नाही. कापडाची टंचाई सर्वांनाच होती; मात्र ती सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रपणे जाणवली ती मुले असलेल्या घरांत. म्हणून त्या काळचे जर्मन अर्थजीवन समजून घ्यायचे तर पोलाद आणि कोळशाच्या आकड्यांइतकेच मुलांच्या चड्ड्या, मोजे आणि बूट यांच्याकडेही पाहावे लागते, असे माझे मत आहे. आज मी प्रामुख्याने १९४५ ते १९५० या पाच वर्षांविषयी बोलणार आहे; पुढच्या दशकात डोकावेन, पण तेवढ्यापुरतेच.

ही टंचाई १९४५ साली अचानक उद्भवली नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. युद्ध सुरू झाल्यावर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, जर्मनीत कपड्यांचे रेशनकार्ड आले. त्यावर शंभर गुण असत आणि प्रत्येक कपड्याला किती गुण मोजायचे ते ठरलेले असे. पुरुष, स्त्रिया, मुलगे, मुली आणि तान्ही बाळे यांची कार्डे वेगवेगळी होती. आपल्याकडे १९४३ पासून ‘कंट्रोलचे कापड’ आले, त्याची आठवण ज्यांच्या घरांत अजून सांगितली जाते त्यांना रांगेचा आणि कार्डाचा हा व्यवहार परका वाटणार नाही. पुढे पुढे कार्डावर गुण शिल्लक असले तरी दुकानात कापडच नसे. जे मिळे त्यातही लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या कृत्रिम तंतूची, म्हणजे ‘त्सेलवोले’ची, भेसळ वाढत गेली. हे कापड दिसायला बरे असे, पण ओले झाले की त्याचा जीव जाई. दोनचार धुण्यांत ते लोंबू लागे नाहीतर आटे. मुलांचे कपडे मोठ्यांच्या कपड्यांपेक्षा जास्त वेळा धुवावे लागतात, तेव्हा या कापडाचा फटका कुणाला बसला ते सांगायला नको. त्यातच १९४१ च्या नाताळात रशियाच्या आघाडीवरील सैनिकांसाठी लोकरी आणि केसाळ कातड्याचे कपडे गोळा करण्यात आले, आणि जानेवारी १९४५ मध्ये, सारे संपत आलेले असताना, कपडे आणि बूट यांची आणखी एक मोठी वसुली झाली. घराघरांतले कपाट युद्ध संपण्यापूर्वीच रिकामे झाले होते.

या हिशेबाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. युद्धकाळात जर्मन नागरिकांच्या अंगावर जे कापड होते, त्यातला काही भाग लुटीचा होता. व्याप्त देशांतून सैनिक घरी पार्सले धाडत, त्यांत लोकरीचे कापड आणि मुलांचे बूट असत. आणि याहून भयंकर गोष्ट अशी, की आउशविट्झ आणि लुब्लिन येथील छावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंचे कपडे मोजून, प्रतवारी करून, रेल्वेच्या शेकडो वाघिणी भरून पाठवण्यात आले. फेब्रुवारी १९४३ मधील एका सरकारी अहवालात त्याची यादी आहे, आणि त्या यादीत मुलांचे कोट आणि मुलांचे बूट यांचे स्वतंत्र रकाने आहेत. युद्धोत्तर जर्मन मातांच्या काटकसरीचे कौतुक करणारी प्रदर्शने भरतात, त्यांत हा कागद सहसा नसतो. तो असावा, असे मला वाटते. पुढे मी जे सांगणार आहे ते कष्ट खरे होते, त्यांत मला शंका नाही. पण टंचाईचा इतिहास मे १९४५ पासून सुरू केला की तो निसर्गाच्या कोपासारखा दिसू लागतो, आणि तसा तो नव्हता.

आता १९४५. देश अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्या ताब्यातील चार विभागांत वाटला गेला. पूर्वेकडील प्रदेशांतून निर्वासित आणि हाकलून दिलेले लोक येत होते; त्यांची एकूण संख्या १ कोटी २० लाखांच्या घरात गेली. त्यांतल्या बहुतेकांनी जे अंगावर होते तेवढेच आणले होते. मुलांच्या अंगावर थंडीसाठी एकावर एक घातलेले दोनतीन कपडे असत, आणि तेच त्यांचे सारे सामान. कारखान्यांची स्थिती अशी की पश्चिम विभागांत विणमाग होते, पण सूत नव्हते. आणि मोजे, बनियन, विणलेले कपडे यांचे जुने माहेरघर असलेला सॅक्सनी प्रांत, केम्निट्झ आणि आसपासची गावे, सोव्हिएत विभागात गेली होती. रेशनकार्ड चालूच राहिले. त्याच्या जोडीला परवाना-चिठ्ठी होती. मुलाच्या बुटांसाठी कचेरीत अर्ज करायचा, गरज सिद्ध करायची, चिठ्ठी मिळवायची, आणि मग ती घेऊन दुकानांत बूट शोधत हिंडायचे. चिठ्ठी हाती असूनही महिनोन्‌महिने बूट न मिळणे ही नेहमीची गोष्ट होती. काळ्या बाजारात सारे काही मिळत होते, पण तिथे एका अमेरिकी सिगारेटला पाच ते सात राईशमार्क पडत, आणि साध्या कामगाराचा महिन्याचा पगार दोनएकशे मार्कांच्या आसपास असे.

मग मुलांना कपडे आले कुठून? जुन्यातून. नवे कापड जवळपास नव्हतेच, तेव्हा प्रत्येक कपडा आधी दुसरे काहीतरी होता. लष्कराच्या घोंगडीचा कोट, पडद्याचा फ्रॉक, पलंगपोसाचा सदरा, हवाई छत्रीच्या रेशमाचा, चर्चमधील पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठीचा पांढरा झगा. साखरेची पोती उसवून त्यांच्या दोऱ्यांचे स्वेटर आणि मोजे विणले गेले. ते अंगाला बोचत, पण उबेला होते. दोस्त राष्ट्रांनी जर्मन लष्करी गणवेश आहे त्या रूपात वापरायला मनाई केली. चिन्हे काढून आणि रंग बदलूनच तो घालता येई. त्यामुळे करड्या-हिरव्या रंगाचे ते जाड लोकरी कापड घरोघरी कपडे उकळण्याच्या हंड्यात गेले आणि तपकिरी, गडद निळे किंवा काळे होऊन बाहेर आले. युद्धोत्तर वर्गांच्या छायाचित्रांत मुलांचे कोट एकसारखे गडद आणि जड दिसतात त्याचे एक कारण हे.

नाझी ध्वजांचे लाल कापडही असेच कामी आले. घरोघरी ते होतेच, आणि चांगल्या प्रतीचे, पक्क्या रंगाचे होते. मधले पांढरे वर्तुळ आणि त्यावरचे स्वस्तिक उसवून काढले की उरलेल्या लाल कापडात मुलीचा घागरेवजा स्कर्ट किंवा लहानग्याची खेळायची चड्डी निघे. अडचण एकच होती. ध्वज वर्षानुवर्षे उन्हापावसात लटकलेला असला तर उघडे कापड विटलेले असे, आणि जिथे पांढरा गोल शिवलेला होता तिथे मूळचा गडद लाल रंग तसाच राहिलेला असे. कात्री कशी चालवायची याचा विचार करताना तो गोल पुढच्या पाटात येऊ नये, चुण्यांत किंवा शिवणीत लपावा, याची काळजी घ्यावी लागे. हिटलर-युवक संघटनेच्या गणवेशांचेही तेच झाले: बिल्ले आणि पट्ट्या गेल्या, मुलींची ती तपकिरी आखूड जाकिटे मात्र पुढे कित्येक वर्षे शाळेत दिसत राहिली. यामागे कसलीही राजकीय निष्ठा शोधण्याचे कारण नाही आणि कसला पश्चात्तापही शोधू नये. कापड होते, म्हणून वापरले.

जुन्याचे नवे करण्याच्या या कामातले कौशल्य किती होते ते एका उदाहरणाने सांगतो. कोटाची वरची बाजू झिजून तुळतुळीत झाली की तो ‘उलटवत’ असत. सारा कोट उसवायचा, एकेक पाट ब्रशने झाडून वाफ द्यायची, आणि आतली, न झिजलेली बाजू बाहेर आणून पुन्हा शिवायचा. असे केले की डावा पाट उजवीकडे जातो. छातीवरचा खिसा डावीकडे असायचा तो उजवीकडे येतो, आणि काजे भलत्या बाजूला जातात. ती दोऱ्याने भरून बुजवावी लागतात किंवा मुलाचा कोट मुलीला द्यावा लागतो. उजव्या छातीवर खिसा असलेला कोट ही त्या काळी ओळखीची खूण होती. पाहणाऱ्याला लगेच कळे की हा उलटवलेला आहे. मोठ्यांचा कोट लहानासाठी कापताना हे जरा सोपे जाई, कारण झिजलेले कोपर आणि फाटलेले काठ वगळून मधले चांगले कापड घेता येत असे. ‘दोनाचा एक’ करण्याची पद्धत रूढ होती: एका जीर्ण फ्रॉकच्या बाह्या आणि कंबरपट्टा, दुसऱ्याचा घेर. त्यामुळे दोन रंगांचे, चौकड्यांच्या पट्ट्या लावलेले फ्रॉक सर्वत्र दिसत आणि काही वर्षांनी तीच फॅशन समजली जाऊ लागली.

लोकरीचे काम याहून वेळखाऊ होते. स्वेटर आखूड झाला की तो उसवायचा. पण उसवलेली लोकर वळ्यावळ्यांची, केसांच्या कुरळेपणासारखी निघते आणि तशीच विणली तर वीण ओबडधोबड येते. म्हणून ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, धुवायची, खाली वजन बांधून वाळवायची आणि मग पुन्हा गुंडे करून विणायला घ्यायचे. एका स्वेटरची लोकर मोठ्या झालेल्या मुलाला पुरत नसे, म्हणून मध्ये दुसऱ्या रंगाचे पट्टे येत. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणण्यातही हिशेब होता: पुढच्या वर्षी मनगटाशी चार ओळी वाढवता येत. कापडी फ्रॉकांना दुमडीत भरपूर माया ठेवलेली असे; दरवर्षी ती सोडायची, आणि सोडल्यावर जुन्या दुमडीची जी रेघ दिसे तिच्यावर नागमोडी फीत शिवून टाकायची. काही फ्रॉकांवर अशा तीन-तीन फिती आढळतात. ती सजावट नाही, मुलीच्या उंचीची ती नोंद आहे.

हे सारे काम बायकांनी केले. युद्ध संपले तेव्हा जर्मनीत पुरुषांपेक्षा सुमारे ७० लाख स्त्रिया जास्त होत्या. लाखो पुरुष मृत, बेपत्ता किंवा युद्धकैदी होते. दिवसा कामावर किंवा ढिगारे उपसायला, मग रांगेत, आणि रात्री शिवणयंत्रावर, तेही वीज असली तर आणि सुई मोडली नसली तर. सुया आणि दोरा यांचीही टंचाई होती, हे आपण विसरतो. अशा घरात कपाटात नवऱ्याचा एक चांगला सूट टांगलेला असे. रशियातून काहीच बातमी नाही. मुलगा चौदा वर्षांचा झाला, वसंत ऋतूत त्याचा चर्चमधील कन्फर्मेशनचा विधी आहे, त्याला गडद सूट हवा. सूट कापायचा का? तो कापणे म्हणजे माणूस परत येणार नाही हे मान्य करणे. न कापणे म्हणजे मुलाला उसन्या कपड्यांत उभे करणे. त्या पिढीच्या आठवणींत हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याचे शेवटही निरनिराळे आहेत. कुठे सूट शेवटपर्यंत टांगलेला राहिला. कुठे सूट कापून झाल्यावर, १९४८ किंवा १९४९ साली, माणूस दारात उभा राहिला आणि त्याला घालायला घरात काही नव्हते. सरकारी कागदपत्रांत बेपत्ता सैनिकांच्या बायकांची अडचण निवृत्तिवेतन आणि पुनर्विवाह या शीर्षकांखाली येते; कात्री हातात घेऊन कपाटासमोर उभे राहण्याची अडचण कुठल्याच शीर्षकाखाली येत नाही.

बुटांचा प्रश्न मात्र घरच्या हुशारीने सुटण्याजोगा नव्हता. फ्रॉक शिवता येतो, बूट शिवता येत नाही. लाकडी तळाच्या चपला, मोटारीच्या टायरचे तळ, पुठ्ठ्याचे आतले थर, हे सारे होते. चालताना लाकडी तळाचा टकटकाट गावभर ऐकू येई. मुलाचा पाय वाढला की बुटाचे पुढचे टोक कापून टाकत, म्हणजे बोटांना जागा होई. दोन भावंडांत बुटांचा एकच जोड असला तर पाळीपाळीने शाळा होई. उन्हाळ्यात बहुतेक मुले अनवाणी असत, त्यात विशेष काही नव्हते. १९४६-४७ चा हिवाळा मात्र शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी होता, पारा काही ठिकाणी शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरला, आणि बूट नाहीत म्हणून मुले शाळेत येत नाहीत अशा नोंदी शहरोशहरी झाल्या. शाळांनाही कोळसा नसल्यामुळे थंडीच्या सुट्ट्या द्याव्या लागत. याच हिवाळ्यात, ३१ डिसेंबर १९४६ च्या प्रवचनात, कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी जीव वाचवण्यापुरते लागेल ते माणसाने घेतले तर तो दोष नाही अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि रेल्वेच्या वाघिणीतून कोळसा पळवण्याला लोकांनी त्यांच्या नावावरून क्रियापदच बनवले. कोळसा उचलायला जाणाऱ्यांत मुले पुष्कळ असत.

बुटांची दखल एका परदेशी माणसाने जशी घेतली तशी फार थोड्यांनी घेतली. ब्रिटिश प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ हे स्वतः ज्यू होते आणि नाझींचे कट्टर विरोधक होते. १९४६ च्या शरद ऋतूत ते ब्रिटिश विभागात हिंडले. तळघरांत राहणारी कुटुंबे, रुग्णालये, शाळा त्यांनी पाहिल्या, आणि परतल्यावर प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात मुलांच्या पायांतल्या बुटांची छायाचित्रे छापली: उसवलेली, टोके फाटलेली, दोरीने बांधलेली. आकडेवारीने ब्रिटिश वाचक हलणार नाही, पण फाटका बूट प्रत्येक आईबापाला कळतो, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. त्यांच्या देशातही तेव्हा कपड्यांचे रेशन चालूच होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आवाहनाचे धाडस कळते.

बाहेरून मदत आली ती १९४६ पासून. अमेरिकेतील मदतसंस्थांना एकत्रितपणे काम करण्याची परवानगी मिळाली. क्वेकर, मेनोनाइट, कॅथलिक, लुथरन अशा सर्व पंथांनी जुन्या कपड्यांचे गठ्ठे पाठवले, स्वित्झर्लंड आणि स्वीडनमधूनही मदत आली. केअर संस्थेची पार्सले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात येऊ लागली. ती मुख्यतः अन्नाची होती, पण नंतर लोकर आणि कापड यांचीही निघाली. वाटप बहुधा प्रॉटेस्टंट चर्चची मदतसंस्था आणि कॅथलिकांची मदतसंस्था कारितास यांच्यामार्फत होई. या गठ्ठ्यांत काय निघेल याचा नेम नसे. अमेरिकी मुलांच्या कपड्यांचे भडक रंग आणि चित्रे जर्मन खेड्यात उठून दिसत, आणि निर्वासितांची मुले त्यामुळे दुरूनच ओळखू येत. दान मिळालेला कपडा उबेला असतो, पण वर्गात त्याची चर्चा होते. गावकऱ्यांची मुले वडिलांच्या जुन्या कोटातून कापलेला कोट घालत, निर्वासित मुले अमेरिकेतला नवा दिसणारा. आणि तरीही गरीब कोण हे सगळ्यांना ठाऊक असे.

जर्मनीत तेव्हा केवळ जर्मन मुले नव्हती. म्युनिकजवळच्या इंडर्सडॉर्फ मठात उन्रा या संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्वसन संस्थेने जुलै १९४५ मध्ये एकाकी मुलांसाठी केंद्र उघडले. छळछावण्यांतून वाचलेली ज्यू मुले, वेठबिगारीसाठी पकडून आणलेली पोलंड आणि युक्रेनची मुले, तिथे आली. त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे वस्त्र नव्हते. त्याच वर्षी शरद ऋतूत प्रत्येक मुलाचे, हातात नावाची पाटी देऊन, छायाचित्र काढण्यात आले. हेतू हा की कुठे एखादा नातेवाईक उरला असेल तर त्याने ओळखावे. ती छायाचित्रे मी या विषयाच्या अभ्यासात पुष्कळदा पाहिली आहेत. नीट विंचरलेले केस आणि बटणे लावलेली जाकिटे पाहताना जाणवते की ही मुले छायाचित्रासाठी तयार झाली आहेत, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांना तयार केले आहे.

आता थोडे नेहमीच्या पेहरावाकडे वळतो, कारण टंचाईच्या गोष्टी सांगताना मुले रोज काय घालत हे निसटून जाते. मुलगा असो वा मुलगी, थंडीत आत एक घट्ट सुती चोळीवजा बंडी असे, तिला ‘लाइब्खेन’ म्हणत. तिची बटणे बहुधा पाठीवर असत, म्हणजे मुलाला ती स्वतः घालता येत नसे. तिला भोके पाडलेले लवचिक पट्टे जोडलेले असत, आणि त्यांवर मांडीपर्यंत येणारे लोकरी मोजे अडकवायचे. मोजे बोचत. पट्ट्याचे बटण तुटले की एक फेनिगचे नाणे मोज्यात घालून वरून पट्ट्याचा फासा चढवायचा. पट्टाच गेला तर फळे टिकवण्याच्या बरण्यांची रबरी कडी मांडीवर चढवायची, तिने पाय आवळला जाई. मोजा संपतो आणि चड्डी सुरू होते या दोहोंच्या मध्ये चार बोटे उघडी मांडी राही, आणि हिवाळ्यात तिथे कातडी लाल होऊन भेगा पडत. मुलग्यांना हा प्रकार मनस्वी नावडे; त्या पिढीतले आज ऐंशीच्या पुढे गेलेले पुरुष युद्धातल्या उपासमारीइतक्याच संतापाने या मोज्यांविषयी बोलतात. मुलगे हिवाळ्यातही आखूड चड्डीत का असत, असा प्रश्न पडतो. कापडाची बचत हे एक कारण, आणि फाटलेला गुडघा आपोआप भरून येतो पण फाटलेली विजार भरून येत नाही, हे दुसरे; पण शरीर थंडीला सरावले पाहिजे ही जुनी शिक्षणकल्पनाही त्यामागे होती, आणि ती टंचाई संपल्यावरही टिकली. मुलींना विजार वर्ज्यच होती. कडाक्याच्या थंडीत ती स्कर्टच्या आत घालायची. फ्रॉकवर पेशबंद असे, कारण पेशबंद धुणे सोपे. आतले कपडे आठवड्यातून एकदा, शनिवारच्या अंघोळीनंतर, बदलत. रविवारचा पोशाख वेगळा आणि तो घालून खेळायला मनाई.

चामड्याची आखूड चड्डी, लेडरहोझे, या सर्वांत निराळी. ती मूळची आल्प्सच्या पायथ्याची, पण पन्नासच्या दशकात उत्तर जर्मनीतही मुलग्यांचा सर्वसाधारण पोशाख झाली, आणि त्यामागे लोकसंस्कृतीपेक्षा व्यवहार अधिक होता. ती धुवावी लागत नाही, फाटत नाही, पट्ट्यांनी वरखाली करता येते, आणि एका भावाकडून दुसऱ्याकडे जाते. ती जितकी मळकट आणि चकचकीत, तितका मालकाचा मान मोठा. तिच्या उलट टोकाला स्टुटगार्टच्या ब्लायले कंपनीचे विणलेले सूट होते. १८८९ साली सुरू झालेल्या या कंपनीचा खलाशी पद्धतीचा मुलांचा सूट सुखवस्तू घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. तो महाग होता, पण कोपर किंवा गुडघा फाटला तर कंपनी तेवढा भाग दुरुस्त करून देई. मुलांना तोही बोचत असे.

२० जून १९४८ रोजी पश्चिमेच्या तिन्ही विभागांत डॉइच मार्क हे नवे चलन आले. प्रत्येक माणशी, तान्ह्या बाळासाठीसुद्धा, ४० मार्क हाती पडले, २० नंतर मिळाले. दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचेमागे बूट, कापड, भांडी दिसू लागली. व्यापाऱ्यांनी माल दडवून ठेवला होता हे त्या एका सकाळी सर्वांना कळले. मुलांना अर्थातच ते दृश्य परीकथेतले वाटले. आयांना मात्र किमती वाचता येत होत्या. कापड आणि बूट यांचे भाव झपाट्याने चढले, लोकांचा संताप वाढला, आणि १२ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटिश-अमेरिकी संयुक्त विभागात भाववाढीविरुद्ध सार्वत्रिक संप झाला. या संयुक्त विभागाच्या अर्थकारभाराचे प्रमुख लुडविग एरहार्ट यांनी त्याच सुमारास साध्या, ठरावीक प्रकारच्या आणि ठरावीक किमतीच्या कपड्यांचा आणि बुटांचा ‘सर्वांसाठी’ कार्यक्रम सुरू केला. मुक्त बाजारपेठेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो त्यांना मुलांच्या बुटांपाशी सरकारी हात लावावा लागला, ही गोष्ट पश्चिम जर्मनीच्या झपाट्याच्या भरभराटीच्या, म्हणजे ‘आर्थिक चमत्काराच्या’, कथेत बहुधा गाळली जाते. चमत्कार घडवणाऱ्या गोष्टींत अमेरिकी मदतीतून आलेला कच्चा कापूस होता, हेही.

पुढचे चित्र भरभर सांगता येते. जानेवारी १९५० मध्ये एन्ने बुर्डा यांचे शिवणकामाचे मासिक ओफेनबुर्गहून निघाले, एक लाख प्रतींनी. पुढे त्याच्यासोबत कागदी कटिंगचे नमुने येऊ लागले आणि घरच्या शिवणयंत्रावर नव्या कापडाचे नवे कपडे निघू लागले. त्याच वर्षी नेकरमान आणि ओटो यांची टपालखरेदीची सूचीपत्रे निघाली. ओटोचे पहिले सूचीपत्र हाताने बांधलेल्या ३०० प्रतींचे होते आणि त्यात २८ जोड बूट होते, दुसरे काही नव्हते. बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांच्या पेटीत पाय घालून माप पाहायची सोय आली. मुलांना आपली हिरवट हाडे पाहायला फार आवडे. त्यातला धोका ध्यानात येऊन ती यंत्रे बंद होईपर्यंत बरीच वर्षे गेली. १९५५ पासून तिसऱ्या मुलापासून पुढे दरमहा २५ मार्क बालभत्ता मिळू लागला. दशकाच्या अखेरीस ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्यांचे कमरेपर्यंतचे विणलेले पायमोजे आले आणि ती चोळीवजा बंडी, तिचे पट्टे, तिची नाणी, सारे अडगळीत गेले.

पूर्वेकडे हा वेग नव्हता. सोव्हिएत विभागातून यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून उचलून नेण्यात आली. व्हिट्टेनबर्ग या गावाशी ज्याचा घोटाळा नेहमी होतो त्या व्हिट्टेनबेर्गे गावातला सिंगरचा मोठा शिवणयंत्र-कारखाना असाच रिकामा झाला. १९४८ च्या अखेरीस सरकारी दुकाने उघडली. तिथे कार्डाशिवाय माल मिळे, पण भाव परवडणारे नसत. त्याच डिसेंबरात बालपायोनियर ही मुलांची कम्युनिस्ट संघटना स्थापन झाली आणि पांढरा सदरा व निळा रुमाल हा पोशाख शाळांत आला. आईबापांच्या राजकीय मतांविषयी मी काही म्हणत नाही, पण नवा, पूर्ण मापाचा पांढरा सदरा मिळवण्याचा प्रश्न त्या घरांतही उभा राहिलाच असेल. अन्नाची कार्डे तिथे मे १९५८ पर्यंत चालली. पुढे मुलांचे कपडे सरकारी अनुदानाने स्वस्त ठेवण्यात आले, आणि ते धोरण पूर्व जर्मनीच्या अखेरपर्यंत टिकले.

आणि मग कपड्यांचा एक नवा प्रवाह सुरू झाला. पश्चिमेतल्या घरांत मुलांना आखूड झालेले कपडे उसवले जाईनासे झाले. ते धुऊन, इस्त्री करून, पूर्वेतल्या मावशीकडे नाहीतर चुलतभावंडांकडे पार्सलाने जाऊ लागले. पार्सलावर ‘भेटवस्तू, व्यापारी माल नव्हे’ असे लिहावे लागे, आणि आत वापरलेले कपडे असतील तर त्यांचे निर्जंतुकीकरण झाल्याचा दाखला जोडावा लागे. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या अनोळखी माणसांचे जुने कोट घालून शाळेत गेलेली मुले आता अशी पार्सले बांधणाऱ्या आईला दोरीच्या गाठीवर बोट ठेवून मदत करत होती, आणि त्यांचा सदरा पूर्वेतल्या ज्या मुलाला जायचा, तो मुलगाही तो अंगात घालण्यापूर्वी बहुधा हेच तपासत असे की दुमडीत माया किती आहे.